जा, मी आहे

माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या लघवीच्या वेळा माहीत असाव्या लागतात, असं टेकूचं मत होतं. चारचौघांत तो हे बोलायचा नाही, पण ज्या कामावर त्याचे केस पिकले ते काम बघता असं मत बाळगायचा त्याला पूर्ण हक्क होता.

मोटारींच्या कारखान्यात तो बदली गडी होता. बदली गडी म्हणजे काय ते सांगायला हवं. गाड्यांचे नुसते सांगाडे एका लांबलचक पट्ट्यावरून सावकाश सरकत येतात. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना माणसं आपापल्या जागेवर उभी असतात. कोणी काच बसवतो, कोणी गालिचा अंथरतो, कोणी सीट आवळतो. पट्टा कोणासाठी थांबत नाही. पोटात कळ येवो, नाकातून रक्त येवो, घरून वाईट निरोप येवो, गाडी पुढ्यात आली की तिचं करावंच लागतं. अशा वेळी डोक्यावरची दोरी ओढायची. जागेवरचा पिवळा दिवा लागतो आणि टेकू असेल तिथून धावत येतो, गड्याचं हत्यार आपल्या हातात घेतो, दिवा विझवतो आणि म्हणतो, "जा, मी आहे." गडी पळतो. तो परत येईपर्यंत ती जागा टेकूची. खचलेल्या भिंतीला लाकूड लावतात तसा हा माणूस कुठेही लावता येतो, म्हणून त्याचं नाव टेकू पडलं. बायकोसुद्धा चिडली की त्याला टेकूच म्हणायची.

या धावाधावीत त्याला सगळ्यांची अंडीपिल्ली ठाऊक झाली होती. कोणाला साखरेचा आजार आहे आणि त्याने तो डॉक्टरपासून लपवलाय, कोण संडासात जाऊन रडून येतो, कोण नुसता फोनवर बोलायला जातो आणि तो फोन बायकोचा नसतो. यातलं एक अक्षर त्याने कधी इकडचं तिकडे केलं नाही. माणूस पोटाचा पक्का होता. दोष एकच, आणि तो मोठा. पट्ट्यावरची एकूण एक जागा आपल्याला येते याचा त्याला भारी ताठा होता. ज्यांना एकच जागा येते ती माणसं, आणि ज्याला सगळ्या येतात तो आपण, अशी त्याने मनातल्या मनात जगाची वाटणी करून टाकली होती. असल्या ताठ्याला कोणी खतपाणी घालत नाही तोवर त्याचा कोणाला त्रास नसतो.

कारखान्यात एकच गाडी निघायची. कंपनीने तिला काहीतरी झुळझुळीत नाव दिलं होतं, पण पट्ट्यावर तिला सगळे ठेंगणी म्हणत. बुटकी, गोल पाठीची, दिसायला जेमतेम आणि कामाला वाघ. एके काळी नव्या जोडप्याची पहिली गाडी म्हणजे ठेंगणीच. मग लोकांना उंच गाड्यांचा सोस लागला. ज्याला त्याला रस्त्यावर दुसऱ्याच्या डोक्यावर बसायचं होतं. ठेंगण्या खपेनात. कारखान्यामागच्या मैदानात त्या रांगेने उभ्या राहायला लागल्या, आधी एका कडेला, मग मैदानभर, आणि त्यांच्या काचांवर धुळीचे थर बसले तेव्हा दुसरी पाळी बंद झाली. निम्मी माणसं घरी गेली. उरलेल्यांनी आपण उरलो म्हणून हळूच श्वास सोडला आणि बरेच दिवस एकमेकांच्या नजरेला नजर दिली नाही.

त्यानंतर मोठ्या कचेरीतून एक साहेब आला. खोक्यावर उभं राहून त्याने सांगितलं की ठेंगणीचं पुढचं मॉडेल काढायचं की नाही, काढलं तर इथे की दुसरीकडे, हे अजून ठरलेलं नाही. इथे एका गाडीला फार हात लागतात. नाकापेक्षा मोती जड झालाय. ते हात कमी करून दाखवलेत तर वर शब्द टाकता येईल. सगळं तुमच्याच हातात आहे, असं म्हणून साहेब आल्या गाडीने परत गेला. ती गाडी उंच होती, हे सगळ्यांनी पाहिलं.

सीट आवळणारा पैलवान तेव्हा म्हणाला की साहेब 'तुमच्या हातात' म्हणाला की आपले हात मोजून ठेवावेत. पैलवान म्हणजे दारातून आडवा आत येणारा माणूस. एका हाताने सीट उचलून गाडीत ठेवायचा. लोक हसले. टेकू हसला नाही. त्याला साहेबाचं म्हणणं पटलं होतं, कारण पटण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं, आणि ते दाजींमुळे.

दाजी म्हणजे त्याच्या ताईचा नवरा. आई गेली तेव्हा टेकू चड्डीत शू करायच्या वयाचा होता. ताईने त्याला धुतलं, पुसलं, वाढवलं, आणि लग्न होऊन निघाली तेव्हा बोट धरून बरोबर घेऊन गेली. दुसरा कोणी असता तर बायकोबरोबर मेहुणाही पदरात पडला म्हणून जन्मभर टोमणे मारत बसला असता. दाजींनी चकार शब्द काढला नाही. उलट पोरगा हाताशी आल्यावर त्याला कारखान्यात चिकटवलं आणि पहिल्याच दिवशी कोपऱ्यात नेऊन एक धडा दिला. स्टॉपवॉच घेऊन कोणी पुढ्यात उभा राहिला तर हात मोकळा सोडायचा नाही. अंगात ताप असताना, रात्रभर पोराने झोपू दिलं नसताना, म्हातारपणी कंबर धरलेली असताना ज्या वेगाने काम करशील, त्याच वेगाने त्याच्यासमोर करायचं. एकदा दाखवलेला वेग परत घेता येत नाही. तो सगळ्यांच्या मानेवर बसतो. कारखान्यात हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि तो मोडलेला कोणी पाहिला नव्हता.

दाजींची जागा पैलवानाच्या अलीकडची. त्यांनी पाठीवर सरपटत गाडीत शिरायचं, पुढच्या फळीखाली डोकं घालायचं आणि तिथे लोंबणाऱ्या वायरींचे जोड एकात एक बसवायचे; मग बाहेर येऊन गालिचा अंथरायचा. जोड नीट बसला की बोटांना खट् असं लागतं. कानांना नाही, त्या कल्लोळात कान काय ऐकणार, बोटांनाच कळतं. आणि दाजींची बोटं मरत चालली होती. कप हातातून सुटायचा. शर्टाची बटणं ताई लावून द्यायला लागली होती. मोठे जोड ते तळहाताच्या जोरावर बसवत, पण एक जोड नखाएवढा होता, अपघातात फुगणाऱ्या पिशवीचा. तो सैल राहिला तर पिशवी फुगत नाही, आणि आतला माणूस चाकावर आपटतो. टेकूने पैलवानाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून पैलवान सीट ठेवायला आत वाकला की जाता जाता तो जोड अंगठ्याने दाबायचा. कोणाला पत्ता नव्हता. दाजींना पुढचं वर्ष कसंही करून उभं राहायचं होतं. तेवढं झालं की नोकरी पुरी आणि पेन्शनही पुरी. त्याआधी बाहेर पडले तर इतकी वर्षं पाण्यात. तेवढं एक वर्ष दाजींना पट्ट्यावर टिकवायचं, याखेरीज टेकूच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

अशात ती घड्याळवाली आली. मोठ्या कचेरीने पाठवलेली इंजिनिअर, पोरसवदा, चेहऱ्यावर सदा हसू, गळ्यात स्टॉपवॉच. सगळ्यांना काका म्हणायची आणि कोणी वाट सोडली तरी थँक्यू म्हणायची. लोकांनी तिच्यापुढे आपापले हात जड करून टाकले. एरवी चटकन होणारं काम जुन्या दुखण्यासारखं रेंगाळायला लागलं. तिने टेकूला चहाला बोलावलं. तुम्हाला सगळ्या जागा येतात, मला कळलं, ती म्हणाली. मग कुठली कशात जोडता येईल हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

इतक्या वर्षांत त्याला कोणी कारखान्याबद्दल काही विचारलं नव्हतं. बोलूनचालून माणूस, पाघळला. पण तो नुसता पाघळला असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. त्याने हिशेब केला होता. दाजींच्या जागेवरचे वायरींचे जोड काढून पैलवानाच्या जागेला लावायचे. पैलवान तो नखाएवढा जोड नाहीतरी दाबतोच आहे. दाजींकडे उरेल नुसता गालिचा, आणि तो काय, कोपरानेही अंथरता येतो. चोरून चाललंय ते राजरोस होईल. वर कंपनीला एक जोडकाम करून दाखवल्यासारखं होईल, ठेंगणी थोडी स्वस्त पडेल, साहेब वर शब्द टाकेल. एका दगडात किती पक्षी मरतात हे मोजताना टेकूला रात्री झोप लागली नाही. कोणते पक्षी, हे मात्र त्याने मोजलं नाही.

दाजींच्या बोटांचं सोडून सगळा बेत त्याने घड्याळवालीला सांगितला, पण ना दाजींना विचारलं, ना पैलवानाला. पैलवान चहाला गेला तेव्हा त्याची जागा नेहमीप्रमाणे टेकूने घेतली आणि पलीकडे उभ्या असलेल्या घड्याळवालीला मान हलवून खूण केली. दाजींना त्याने सांगितलं की ही गाडी तशीच येऊ द्या, जोड मी बघतो. दाजी बाजूला झाले. "रोजच्यासारखंच करा, काका," ती म्हणाली आणि तिने स्टॉपवॉच दाबलं.

दाजींचा धडा त्याला आठवला नाही असं नाही. चांगला आठवला. पण रडतखडत करून दाखवलं तर ही पोरगी म्हणणार, एका माणसाला झेपत नाही, आणि सगळा बेत फसणार. शिवाय ती बघत होती. पट्ट्यावरचे सगळे तिरक्या नजरेने बघत होते. टेकूचे हात सुटले. तो पाठीवर आत गेला, एकामागून एक जोड बसवले, बोटांना लागणारं खट् खट् त्याला गाण्यासारखं वाटलं. बाहेर आला, सीट उचलली, ठेवली, बोल्ट घातले, गन लावून आवळले. काम संपलं तेव्हा गाडी पुढच्या जागेच्या रेषेपासून अजून लांब होती. आणि इथे त्याने ती गोष्ट केली जी नवशिक्या पोरानेही केली नसती. हाताची घडी घालून तो गाडी रेषेवर पोचायची वाट बघत उभा राहिला.

"थँक्यू हं, काका," घड्याळवाली म्हणाली.

पैलवान चहाचा पेला घेऊन परत आला होता आणि त्याने ती घडी पाहिली. दाजी आपल्या जागेवर खाली मान घालून गालिचा सारखा करत होते. बाकीच्यांनी एकदा टेकूकडे पाहिलं आणि ते आपापल्या गाडीत वाकले. टेकूला वाटलं, लोक थक्क झाले.

आठवडाभराने नवी मांडणी लागू झाली. वायरींचे जोड पैलवानाकडे गेले. गालिचा दाजींच्या अलीकडच्या गड्याकडे गेला. दाजींच्या जागेवर पिवळ्या रंगाची फुली मारून ती मिटवली. टेकू धावत घड्याळवालीकडे गेला. गालिचा त्यांच्याकडेच राहणार असं आपलं ठरलं होतं, म्हणाला. तिला खरंच वाईट वाटलं, तिच्या तोंडावर ते दिसत होतं.

"काका, नुसत्या गालिच्यासाठी माणूस कसा ठेवायचा? किती वेळ उरतो ते तुम्हीच दाखवलंत ना."

जागा मिटलेल्या जुन्या माणसाला दुसऱ्या जागेवर घालून बघायचं असा कायदा होता आणि कंपनी कायद्याने वागणारी होती. रिकामी जागा एकच होती, दाराच्या बारीक स्क्रूंची. दाजींना तिथे उभं केलं. सुपरवायझर होता, घड्याळवाली होती, आणि पुढच्याच जागेवर कोणाच्या तरी बदलीला टेकू होता. दाजींनी डब्यातून स्क्रू उचलला, तो पडला. दुसरा उचलला, तोही पडला. मग त्यांनी डबाच तळहातावर कलंडवला आणि ओठांनी एक स्क्रू टिपायचा प्रयत्न केला. गाडी सरकत होती. घड्याळवालीने सभ्यपणे स्टॉपवॉच बंद केलं. मग दाजींनी इतक्या वर्षांच्या सवयीने हात वर केला आणि दोरी ओढली.

पिवळा दिवा लागला. टेकू ज्याच्या बदलीला होता तो गडी नुकताच परत आला होता, त्यामुळे टेकूचे हात मोकळे होते. तो पुढे झाला.

"काका, तुम्ही थांबा. त्यांनाच करू द्या," घड्याळवाली म्हणाली.

आणि टेकू थांबला. नको म्हणता आलं असतं, ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं, पण तो थांबला, आणि दाजींनी त्याला थांबलेलं पाहिलं. दिवा लुकलुकत राहिला. शेवटी सुपरवायझरने तो विझवला. कारखान्याच्या डॉक्टरने दाजींची बोटं टाचणीने टोचून पाहिली. त्यांना एकही टोचणी कळली नाही. किती दिवसांपासून असं आहे, एवढे दिवस सैल जोडांच्या गाड्या बाहेर गेल्या का, हे विचारून त्यांना रडवेलं केलं. पैलवानाचं नाव त्यांनी घेतलं नाही. टेकूचंही नाही. आठवडा संपायच्या आत ते घरी बसले.

टेकू त्यांच्याकडे गेला तेव्हा ताई दाजींच्या शर्टाची बटणं लावत होती. दाजींनी त्याला बस म्हटलं नाही, पण हाकललंही नाही.

"घड्याळ चालू होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"आणि हात मोकळा सोडलास."

"दाजी, तुमच्यासाठीच केलं. देवाशप्पथ."

दाजी हसले. इतकं वाईट हसू टेकूने त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. ताईने शेवटचं बटण लावलं, कॉलर सारखी केली आणि मागे न बघता म्हणाली, "यांनी तुला कारखान्यात चिकटवलं आणि तू यांनाच तिथून उपटलंस. आता जा. पुन्हा जिना चढू नकोस."

कारखान्यात तर त्याला कोणी शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एकदाच कोणीतरी त्याच्या पाठीमागे म्हणालं, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तेवढंच. त्यानंतर पैलवानाने पट्टाभर एक गोष्ट फिरवली: याला दिवा दाखवायचा नाही. मेलात तरी दोरी ओढायची नाही. याचा हात आपल्या हत्याराला लागता कामा नये.

आणि लोकांनी ते पाळलं. पाणी पिणं सोडलं. साखरेचा आजार होता तो पाय आवळून, दात खाऊन उभा राहायचा. चहाच्या सुट्टीची घंटा झाली की अख्खा पट्टा संडासाकडे धावायचा. टेकू नुसताच या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडायचा. दिवे मेलेले. तो प्रत्येकाच्या जागेपाशी क्षणभर रेंगाळायचा, "जायचंय का रे?" विचारायचा, आणि समोरचा त्याच्या आरपार बघायचा. सगळ्या जागा येणाऱ्या माणसाला उभं राहायला एक जागा उरली नाही. मला त्याची दया येते असं मी म्हणणार नाही. पण एवढं खरं, की त्या दिवसांत तो घरी आला की बायकोला नुसतं म्हणायचा, कोणाला लागतच नाही गं.

हे नुसतं त्याच्याच लक्षात आलं असं नाही. घड्याळवालीच्याही आलं. महिनाभर एकही दोरी ओढली गेली नव्हती. तिने ते वर कळवलं, आणि एका सोमवारी सुपरवायझरने जाहीर केलं की बदली गड्याची जागाच बंद. गरज नाही हे तुम्हीच सिद्ध केलंत, असंही म्हणाला, आणि त्याला वाटलं आपण कौतुक करतोय. पैलवानाचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं. एकाचं नाक कापायला गेले आणि सगळ्यांच्या मुताला कुलूप लावून बसले. पण पैलवानाला त्याचा पश्चात्ताप करायलाही वेळ मिळाला नाही. जोडांसाठी दर गाडीत पाठीवर सरपटायचं आणि उठून सीट उचलायची, हे त्या देहाला झेपणारं नव्हतं. एक दिवस तो फळीखालून बाहेरच येईना. दोघांनी पाय धरून ओढून काढला तेव्हा त्याची कंबर गेली होती. त्याच्या जागेवर कोणाला घालायचं हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. ते काम एका माणसाला छान येत होतं, तसं मोजलेलंच होतं.

टेकू त्या जागेवर उभा राहिला. पहिल्या दिवशीच त्याला कळलं की एक गाडी तशी करणं वेगळं आणि पाळीभर तशाच करणं वेगळं. पाळी संपता संपता त्याला सीट गुडघ्याचा आधार देऊन उचलावी लागायची. हाताची घडी घालायला आता वेळ उरत नव्हता. आणि वयाने म्हणा, भीतीने म्हणा, त्याला लघवीला सारखी लागायला लागली.

मग ठेंगणीचा निकाल आला. पुढचं मॉडेल निघणार होतं. इथे नाही. दूरच्या एका नव्या कारखान्यात, जिथे मजुरी कमी होती. लाऊडस्पीकरवरून साहेबाने सगळ्यांचे आभार मानले आणि सांगितलं की तुम्ही काम इतकं सोपं करून दाखवलंत की आता ते कोणालाही शिकवता येईल. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. हा तर छान शिजली म्हणत होता. कारखाना वर्षअखेर बंद व्हायचा होता. तोवर मैदानात आणखी ठेंगण्या लावायच्या होत्या. ऐकताना पट्टा थांबवला नव्हता. टेकूने त्या वेळात सीट आवळल्या.

थोड्याच दिवसांनी त्या नव्या कारखान्याची माणसं काम शिकायला आली. घड्याळवाली त्यांना पट्ट्यावरून फिरवत होती, आणि त्यांची सोय म्हणून चहाची सुट्टी पुढे ढकलली होती. टेकू सकाळपासून दाबून होता. सुट्टीची घंटा झाली नाही तेव्हा त्याच्या ओटीपोटात कळा यायला लागल्या. गाडी आली, तो पाठीवर आत गेला, बाहेर आला, सीट उचलली. दुसरी आली. तिसऱ्या गाडीला त्याला राहवेना, आणि त्याचा हात आपोआप वर गेला. दोरी अजून होती, काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. पिवळा दिवा लागला. पट्ट्यावरच्या सगळ्यांनी मान वळवून पाहिलं. कोणाला हलता येत नव्हतं. ज्याच्या त्याच्या पुढ्यात गाडी होती. काहींना हलता आलं असतं तरी ते हलले नसते.

त्याच वेळी घड्याळवाली पाहुण्यांना घेऊन त्याच्या जागेपाशी आली. ही आमची सर्वांत चांगली जोडजागा, म्हणाली. बघा, काकांचे हात बघा. पाहुणे वाकून हात बघायला लागले. एकाने फोन काढून चित्रफीत घ्यायला सुरुवात केली. टेकू फळीखाली होता. एक जोड खट् बसला, दुसरा बसला, आणि त्या नखाएवढ्या जोडापाशी त्याचा धीर सुटला. ऊब मांडीवरून पसरत पाठीखाली गेली. गालिचा भिजला. तरी त्याने तो जोड बसवला. बाहेर आला, तशाच ओल्या पायांनी सीट उचलली, बोल्ट आवळले. फोनवाल्याने फोन खाली केला. घड्याळवालीने क्षणभर पाहिलं, आणि पाहुण्यांना हलकेच पुढच्या जागेकडे वळवलं.

"थँक्यू हं, काका," ती जाता जाता म्हणाली.

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी. टेकूलाच गळती लागली, असं एकजण म्हणाला आणि ते पट्टाभर पुढे गेलं. दिवा विझवायचं काम बदली गड्याचं, म्हणून तो तसाच लुकलुकत राहिला. पाळी संपल्यावर टेकूने तो आपल्या हाताने विझवला.

तशा कपड्यांनी घरी जायची त्याला लाज वाटली. दारात पोरंबाळं असतील, शेजारी असतील. रस्त्याच्या कडेकडेने चालत तो कधी ताईच्या जिन्यापाशी आला ते त्यालाही कळलं नाही. लहानपणी चड्डी ओली झाली की तो तिच्याकडेच जायचा, दुसरीकडे कुठे जाणार. पुन्हा जिना चढू नकोस हे आठवत असूनही तो चढला आणि दार वाजवलं.

ताईने दार अर्धं उघडलं. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. दार तसंच ठेवून ती आत गेली. टेकूला वाटलं, ती आता त्याला आत घेईल. आतून दाजी कोण आहे म्हणून विचारत होते, आणि ती कोणी नाही म्हणाली. परत आली तेव्हा तिच्या हातात कारखान्याची पँट होती, धुतलेली, इस्त्री केलेली, घडी न मोडलेली.

"ही घाल," ती म्हणाली. "यांना आता लागत नाही."

तिने दार लावून घेतलं. टेकूने जिन्यातच, भिंतीकडे तोंड करून, ओली पँट काढली आणि दाजींची चढवली. वर्षानुवर्षं दोघांना एकाच मापाची मिळत होती. दुसऱ्या दिवशी तो तीच घालून कामावर गेला.